साडेनव्याण्णव येनला अडकलेला रोखा

मध्यवर्ती बँकेने रोखे घेतले की त्यांचा भाव चढतो आणि यील्ड, म्हणजे त्या भावाला रोखा घेणाऱ्याला मिळणारा वार्षिक परतावा, उतरतो, हे बहुतेकांना ठाऊक असतं. बँकेने किती लाख कोटींचे रोखे घेतले, यावरच सगळी चर्चा होते. माझ्या मते ती कोणत्या मुदतीचा रोखा कोणत्या भावाला घेते, हे पाहणं जास्त महत्त्वाचं. त्यासाठी 2022च्या जपानसारखं उदाहरण नाही.

बँक ऑफ जपानने सप्टेंबर 2016 पासून दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा यील्ड शून्याच्या आसपास धरून ठेवला होता. पुढे वर-खाली पाव टक्क्याची मुभा ठरली. 2022 मध्ये जगभर दर चढू लागले, तेव्हा एप्रिलअखेर बँकेने जाहीर केलं की 0.25 टक्के यील्डला जितके रोखे विकायला येतील तितके, कामकाजाच्या प्रत्येक दिवशी, आम्ही घेऊ.

याचा अर्थ भावात पाहा. 100 येन दर्शनी किमतीचा, 0.2 टक्के कूपनचा, म्हणजे दरवर्षी ठरलेल्या व्याजाचा, दहा वर्षांचा रोखा 0.25 टक्क्याला 99.51 येनला पडतो. यील्ड 0.5 टक्के धरला तर 97.08. बाजाराला सत्त्याण्णव रास्त वाटत असताना साडेनव्याण्णव देणारा गिऱ्हाईक रोज दारात उभा, मग विकणारा दुसरीकडे कशाला जाईल? एकट्या जूनमध्ये बँकेने सुमारे 16 लाख कोटी येनचे रोखे उचलले. ऑक्टोबरमध्ये तर सर्वांत नव्या दहा वर्षांच्या रोख्यात सलग चार दिवस एकही सौदा झाला नाही. स्क्रीनवर यील्ड दिसत होता, पण तो सौद्यांतून आलेला नव्हता.

बांध फक्त दहा वर्षांपाशी होता, त्यामुळे दाब आजूबाजूने बाहेर पडला. आठ-नऊ वर्षांच्या रोख्यांचा यील्ड दहा वर्षांच्या वर गेला आणि कर्व्हला, म्हणजे मुदतीनुसार यील्ड दाखवणाऱ्या रेषेला, तिथेच खड्डा पडला. वीस-तीस वर्षांचे दर मोकळे चढत राहिले. फ्यूचर्समध्ये, म्हणजे पुढच्या तारखेला ठरल्या भावाने रोखे देण्या-घेण्याच्या करारांत, डिलिव्हरी देण्यासाठी सात वर्षं उरलेला रोखा सर्वांत स्वस्त पडतो, म्हणून विक्रीचा मारा तिकडे वळला. 15 जूनला फ्यूचर्स इतके कोसळले की व्यवहार थांबवावे लागले, आणि बँकेला तो सात वर्षांचा रोखाही खरेदीच्या यादीत घ्यावा लागला.

सर्वांत जास्त नुकसान मात्र कंपन्यांच्या कर्जरोख्यांचं झालं. त्यांचा दर सरकारी यील्डवर काही अंश चढवून ठरतो. पायाच दाबून ठेवलेला असला की वरचा फरक फुगतो. कंपनीची पत खरंच घसरली की पायाच खोटा आहे, हे गुंतवणूकदाराला वेगळं काढता येत नाही.

20 डिसेंबरला बँकेने मुभा अर्ध्या टक्क्यापर्यंत वाढवली, आणि कारण म्हणून मुदतींमधला हाच बिघाड सांगितला. त्याच दिवशी यील्ड 0.4 टक्क्यांच्या आसपास गेला. वरच्या रोख्याचा भाव त्या यील्डला 98.04 येतो. दीड येनाचा फटका, म्हणजे सात वर्षांहून जास्त काळाचं कूपन एका दिवसात गेलं. हे धोरण अखेर मार्च 2024 मध्ये संपलं.

रिझर्व्ह बँकेने एप्रिल ते सप्टेंबर 2021 या काळात जी-सॅप या सरकारी रोखेखरेदीच्या कार्यक्रमातून आधीच रक्कम जाहीर करून रोखे घेतले, पण ठरावीक यील्डला वाटेल तितके घेण्याची हमी कधी दिली नाही. तरीही डेट फंडात पैसे घालताना दहा वर्षांचा यील्ड एकटा पाहू नका. त्या रोख्यात दिवसाला किती सौदे होतात आणि शेजारच्या मुदतींचे रोखे कुठे चाललेत, तेही बघा.