अक्रिंग्टन स्टॅनली: एकदा बंद पडलेला क्लब

मँचेस्टरच्या उत्तरेला, लँकेशायरमध्ये अक्रिंग्टन नावाचं गाव आहे. वस्ती ३५ हजारांच्या आसपास. मी नोकरीला इथून जवळच असतो. इचलकरंजीच्या माणसाला हे गाव पहिल्याच फेरीत ओळखीचं वाटेल. कापडाच्या गिरण्या, गिरण्यांची यंत्रं बनवणारे कारखाने, लालभडक विटांच्या चाळीवजा घरांच्या रांगा. गिरण्या बंद पडून जमाना झाला. एका बाजूला ब्लॅकबर्न, दुसऱ्या बाजूला बर्नली, दोन्हीकडे मोठे फुटबॉल क्लब. मँचेस्टरही फार लांब नाही. तरीही शनिवारी दुपारी काही हजार माणसं लाल जर्सी घालून आपल्या गावच्या मैदानाकडे चालत निघतात. क्लबचं नाव अक्रिंग्टन स्टॅनली. इंग्लंडच्या चौथ्या पायरीवरच्या लीगमध्ये, म्हणजे लीग टूमध्ये खेळतो.

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठेचा झेंडा घेऊन बसलेल्यांना या वेडाबद्दल वेगळं काही सांगायला नको. या क्लबची सुरुवातही आपल्या तालमींच्या फुटबॉल संघांसारखी गल्लीतूनच झाली. १८९१ साली स्टॅनली स्ट्रीटवरच्या पोरांनी संघ काढला आणि रस्त्याचं नाव संघाला दिलं. गावात त्याआधीच अक्रिंग्टन एफ.सी. हा दुसरा क्लब होता. १८८८ मध्ये फुटबॉल लीग ही इंग्लंडमधल्या व्यावसायिक क्लबांची स्पर्धा सुरू करणाऱ्या बारा क्लबांपैकी तो एक, पण काही वर्षांतच तो मोडला. मग गावाची सगळी माया स्टॅनलीकडे वळली आणि १९२१ मध्ये स्टॅनलीला फुटबॉल लीगमध्ये जागा मिळाली.

मला खरं सांगायचंय ते १९५०च्या दशकाबद्दल. वॉल्टर गालब्रेथ हा स्कॉटिश मॅनेजर आला आणि त्याने स्कॉटलंडहून खेळाडू आणायला सुरुवात केली. १९५५ मध्ये स्टॅनलीचे मैदानात उतरलेले अकराच्या अकरा खेळाडू स्कॉटलंडमध्ये जन्मलेले होते. संघ खेळला झकास. आपल्या डिव्हिजनमध्ये १९५४-५५ ला दुसरा, १९५७-५८ मध्ये पुन्हा दुसरा. पण त्या काळात वरच्या डिव्हिजनला फक्त पहिला नंबर जायचा, त्यामुळे दोन्ही वेळा दार बंदच राहिलं. १९५८ मध्ये क्लबने ऑल्डरशॉटच्या लष्करी सोहळ्यातला प्रेक्षकांचा जुना दुमजली स्टँड विकत घेतला. स्टँड स्वस्तात मिळाला, पण तो सोडवून, वाहून आणून पील पार्क मैदानावर उभा करायचा खर्च खरेदीच्या कितीतरी पट झाला. तिकीटखिडकीवर तेवढा गल्ला जमत नव्हता. पुढे संघ खालच्या डिव्हिजनमध्ये घसरला आणि देणी तशीच वाढत राहिली.

मार्च १९६२ मध्ये क्रू अलेक्झांड्रा या क्लबकडून ४-० हार झाली. त्यानंतर काही दिवसांतच क्लबने सीझन अर्धवट सोडून लीगचा राजीनामा दिला. गावातल्या काही मंडळींनी मदतीची तयारी दाखवली तेव्हा राजीनामा मागे घेण्याचं पत्रही गेलं, पण लीगने ते मानलं नाही. त्या सीझनच्या ३३ मॅचेसचे निकाल तक्त्यातून पुसून टाकण्यात आले. आमच्या शेजारचे एक आजोबा तेव्हा शाळकरी पोर होते. ते सांगतात की वडील त्या आठवड्यात घरात कुणाशी बोलले नाहीत. पुढची चार वर्षं क्लब स्थानिक लीगमध्ये कसाबसा तगला आणि १९६६ मध्ये कायमचा बंद पडला.

१९६८ मध्ये गावकऱ्यांनी त्याच नावाने नव्याने क्लब उभा केला. १९७० मध्ये क्राउन ग्राउंडवर पहिला सीझन खेळला, तोही अगदी तळाच्या पायरीवर. तिथून एकेक पायरी चढायला ३६ वर्षं लागली. १९९९ मध्ये जॉन कोलमन मॅनेजर झाला आणि चढण वेगाने सुरू झाली. २००६ मध्ये स्टॅनली पुन्हा फुटबॉल लीगमध्ये पोचला. १९६२ मध्ये त्यांची रिकामी जागा ज्याला मिळाली होती तो ऑक्सफर्ड युनायटेड नेमका त्याच वर्षी लीगमधून खाली गेला. २०१८ मध्ये तर स्टॅनलीने लीग टू जिंकली. इतक्या छोट्या गावच्या क्लबने पाच सीझन तिसऱ्या डिव्हिजनमध्ये काढले, नंतर २०२३ मध्ये तो पुन्हा चौथ्यात आला.

मैदान एवढं लहान आहे की गोलकीपर बचावफळीला काय ओरडतोय ते तिसऱ्या रांगेत स्पष्ट ऐकू येतं. हाफटाइमला मीट पाय (मांस भरून भाजलेला पदार्थ) आणि चहासाठी रांग लागते, आणि रांगेत गेल्या शनिवारच्या पेनल्टीवरून दोन म्हाताऱ्यांचं कडाक्याचं भांडण चालू असतं. हे ऐकताना मला आपल्या स्टेडियमबाहेरचे चहाचे गाडे आठवतात.

काकांना फोनवर ही सगळी कथा सांगितली. ते आयुष्यभर पेठेच्या संघामागे उभे राहिलेले, त्यामुळे स्टँडचा किस्सा ऐकताच म्हणाले, "म्हणजे वर्गणी आली शंभराची आणि मांडव घातला हजाराचा." मग विषय आपल्याकडच्या बाहेरच्या खेळाडूंवर आला. नायजेरियासारख्या देशांतून येणाऱ्या खेळाडूंमुळे कोल्हापूरचा फुटबॉल बघायला मजा येते, त्यांना माझा अजिबात विरोध नाही. पण त्यांच्यावर होणारा खर्च मंडळाला पुढची पाच वर्षं झेपणार का, हा हिशोब दरवर्षी सगळ्यांसमोर मांडायला हवा. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ ला सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपमध्ये भारताकडून खेळला. तसा पुढचा पोरगा घडवायला लागणारे पैसे एका सीझनच्या हौसेत संपू नयेत.

आज स्टॅनली एक गोष्ट फार चांगली करतो. आसपासच्या प्राथमिक शाळांतल्या मुलांना क्लबची जर्सी फुकट देतो. शेजारी बर्नली, ब्लॅकबर्न असताना सात-आठ वर्षांच्या पोराच्या अंगावर पहिली जर्सी आपल्या गावची चढावी, हा त्यामागचा विचार. आपल्या पेठांतल्या शाळांमध्ये हे सहज जमेल, असं मी काकांना म्हणालो. त्यावर त्यांनी लगेच विचारलं, "एक जर्सी कितीला पडते? शंभर पोरांचं धरून हिशोब पाठव. रविवारी मंडळाची बैठक आहे, तिथं मांडतो."