तुम्ही विचारलंत म्हणून: चित्रं कुठं आहेत?

प्रश्न एकच, विचारणारे बदलतात. फ्रेमवाला म्हणतो, "मॅडम, बऱ्याच दिवसांत फ्रेमला काही आणलं नाही." नात्यातल्या वहिनी म्हणतात, "अगं, हॉलमध्ये लावायला रंकाळ्याचं एक छोटंसं काढून दे की. का सोडलंस आता ते?" ज्यांना मी एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवलं ती मुलं आता स्वतः कुठं कुठं शिकवतात. ती जरा आडवळणानं येतात: "मॅडम, सध्या मीडियम कुठलं?"

तुम्ही सगळ्यांनी विचारलंत म्हणून एकदाचं लिहून टाकते. मी चित्रं काढणं सोडलेलं नाही. तुम्ही ज्याला चित्र म्हणता, म्हणजे जलरंगातलं रंकाळा तलावाचं पाणी, मागं शालिनी पॅलेसचा मनोरा, अर्धा पाण्यात बुडालेला संध्यामठ, ते मी आता क्वचित करते. कधी कापडावर टाके घालते, कधी मंडळाचा देखावा उभा करते, कधी माणसांचे आवाज रेकॉर्ड करते, तर कधी दुसऱ्याच्या हातात पेन्सिल देऊन गप्प बसते. मला हे सगळं एकच काम वाटतं. तुम्हाला ते पाच-सहा धंदे वाटतात, आणि त्यातला एकही धड वाटत नाही.

खरं तर कोल्हापुरात तरी हा प्रश्न कुणी विचारू नये. बाबूराव पेंटरांनी आनंदराव पेंटरांबरोबर नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. १९१६ साली आनंदराव गेले, तरी बाबूरावांनी सिनेमाचा कॅमेरा इथंच जुळवून तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली, १९२० साली 'सैरंध्री' काढला. सिनेमाची पोस्टरं रंगवली, पुतळे घडवले. त्यांची जयंती-पुण्यतिथी करणारं हे गाव माझ्यासारखीला मात्र सांगतं की बाई, एक काहीतरी धर.

हा मुद्दा मी फार वर्षं वापरला. नंतर तो एका माणसानं माझ्या हातातून काढून घेतला, ते सांगितल्याशिवाय बाकीचं कळायचं नाही.

सरांचं नाव घेत नाही, त्यांना आवडायचं नाही. दर रविवारी ते आम्हा पोरापोरींना लँडस्केपला न्यायचे. पंचगंगेचा घाट, पन्हाळा, नरसोबाच्या वाडीचा घाट. कुठल्याही परदेशी चित्रकाराच्या आधी त्यांनी आम्हाला कोल्हापूरचे आबालाल रहिमान सांगितले. आबालाल १९३१ साली गेले, पण सर बोलायला लागले की वाटायचं, आत्ताच कोटितीर्थ तलावाच्या काठावरनं उठून गेलेत. सरांचा एकच धोशा असायचा: आभाळाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, ओला आहे तोवर लांबचा डोंगर पडला पाहिजे. सुकल्यावर टाकलेला डोंगर कागदावर चिकटवल्यासारखा दिसतो. माझा डोंगर पहिल्यांदा वेळेत पडला त्या दिवशी त्यांनी आपला बारा नंबरचा सेबल ब्रश मला देऊन टाकला. मुलींनी लग्नानंतर ब्रश ठेवून द्यायचा, असं घरोघरी चालायचं तो काळ. त्या ब्रशचं मोल मला कुणी सांगायला नको.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. पुढचं तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. त्या आठवड्यात जो भेटला त्यानं मला सांगितलं, "आता तुम्ही एक मोठं पेंटिंग करायलाच पाहिजे." मी कागद ताणून बोर्डावर बसवला, गमटेप लावली, पहिला वॉशही टाकला. थोड्या वेळानं लक्षात आलं, मी मोबाइलवर पाहिलेली आग काढतेय. आग ही त्या जागेची माझी आठवणच नव्हे. माझी आठवण होती राज्य नाट्य स्पर्धेच्या वेळी कडेच्या खुर्चीवरून दिसणारी विंगेतली माणसं, पायात चप्पल नसलेली, एकमेकांना खुणेनं सांगणारी. मग वाटलं, ही माणसं काय काढतील?

म्हणून त्यांच्याकडं गेले. लाइटवाले, मेकअप करणारे, पडदा ओढणारे, दारावर तिकीट फाडणारे, स्पर्धेत काम केलेल्या बायका. अट एवढीच, नाट्यगृहाचा नकाशा आठवणीनं काढायचा, पट्टी नाही, फोटो नाही. "मला कुठं चित्र येतंय, बाई," असं बहुतेक सगळे म्हणाले आणि मग तासभर मान वर न करता काढत बसले. एका ताईंनी रंगपटातला आरसा रंगमंचाहून मोठा काढला. पडदा ओढणाऱ्या एका म्हाताऱ्या मामांनी सुरुवात केली ती दोरापासून. "हितनं दोर यायचा," म्हणत पेन्सिल इतकी दाबली की कागद फाटायला आला. मग दोराच्या भोवती बाकीचं आलं: विंग, लाकडी जिना, पाण्याचा माठ. प्रेक्षागृहाला कागदावर जागाच उरली नाही. विचारलं तर म्हणाले, "लोकं तिकडं असायची. मला कुठं दिसायची?"

हे सगळे नकाशे मी ट्रेसिंग पेपरवर उतरवले आणि एकामागे एक टांगून मागून उजेड सोडला. एक जागा मात्र सगळ्यांनी काढलेली होती, विंगेतून रंगमंचावर पाऊल टाकायची. त्या जागेवर सगळे कागद जुळवले, बाकीच्या रेषा जातील तिकडं जाऊ दिल्या. काढताना ही माणसं जे बोलली ते बारीक आवाजात लावलं. प्रदर्शन शाहू स्मारकच्या कलादालनात होतं.

सर दुसऱ्या दिवशी आले. नातवाचा हात धरून, काठी टेकत. मी खुर्ची आणायला लावली, बसले नाहीत. प्रत्येक कागदासमोर थांबले, चष्मा काढला, पुसला, परत घातला. घाईनं पाहिलं असं म्हणायला मला त्यांनी जागा ठेवली नाही. सगळं पाहून झाल्यावर माझ्याकडं वळून म्हणाले, "चित्रं कुठं आहेत?"

मला वाटलं, आत अजून एक खोली आहे असं त्यांना वाटतंय. म्हटलं, "सर, हीच."

"ही त्यांनी काढलेली. तुझी कुठं आहेत?"

मी समजवायला लागले. कुणाकडं जायचं ते ठरवणं, कागद निवडणं, उजेड, ते सगळे एका जागेवर जुळवणं, हे माझं काम आहे, असं काहीबाही. आणि शेवटी बाबूराव काढले. सरांनी ऐकून घेतलं. मग आवाज खाली आणून, शेजारी उभ्या असलेल्या पोरांना ऐकू जाऊ नये म्हणून, म्हणाले, "बाबूरावांनी पडदे रंगवून रंगवून हात बसवला. मग कॅमेऱ्याला हात घातला. तुझा कशावर बसलाय?" जिन्यापाशी थांबून एवढंच विचारलं, "तो बारा नंबर कुठाय?" "घरी आहे सर." "केस कडक झाले असतील," म्हणाले आणि उतरले. एरवी कुणाच्याही प्रदर्शनाला पानभर अभिप्राय लिहिणारा माणूस. माझ्या वहीत नुसती सही होती.

त्या रात्री मी मनातल्या मनात त्यांच्याशी कडाकडा भांडले. सर, मी ज्वाळा रंगवल्या असत्या तर तुम्ही पाठ थोपटली असती, पण त्यात त्या मामांचा दोर कुठून आला असता? मी तिथं कधी दोर ओढलेला नाही. माझा हात कितीही बसलेला असता तरी इतका दाब त्या रेषेत मला देता आला नसता. हे मला आजही शंभर टक्के पटतं.

पण मामांचंही सांगायला पाहिजे. तेही आले होते, सुनेला घेऊन. आपला दोर त्यांनी लांबूनच ओळखला. मग त्यावरून जाणाऱ्या दुसऱ्यांच्या रेषा बघून नाराज झाले. "माझ्यावर दुसऱ्याचं का टाकलंय?" मी त्यांना गावाची आठवण, थरावर थर, असं सगळं सांगितलं. त्यांना ते नको होतं. त्यांना त्यांचा कागद एकटा, काचेत हवा होता. मूळ कागद मी फ्रेम करून त्यांना दिला. आता ते काम माझं की त्यांचं, हा प्रश्न सरांनी विचारला तेव्हा मला राग आला होता, मामांनी विचारला तेव्हा राग आला नाही, आणि उत्तर दोन्ही वेळा माझ्याकडं नव्हतं.

तरुणपणी माझ्याकडं सगळ्याची उत्तरं होती. पहिल्या मिश्र माध्यमाच्या प्रदर्शनाच्या पत्रकात मी लिहिलं होतं, "माध्यम दुय्यम, विचार महत्त्वाचा." त्या मुलीशी मला आज भांडायचंय. बाई, ट्रेसिंग पेपरऐवजी जाड हँडमेड कागद असता तर मागचा नकाशा दिसलाच नसता आणि विचार तिथंच संपला असता. कागदाची जाडी हाच तिथं विचार आहे. कापडावर टाका घालताना दोरा उलट्या बाजूलाही दिसतो, म्हणून मी सासूबाईंच्या लुगड्यावरचं काम टाक्यांत केलं, रंगात केलं नाही. एक माध्यम सोडून दुसरं मी कंटाळ्यानं धरत नाही. विषयाला जे लागतं ते शिकून घेते, आणि शिकायला वेळ लागतो. तुम्हाला मधला रिकामा काळ दिसतो तो हाच.

आणि रंकाळा का सोडला तेही सांगते. तो विकला जात होता. मुलांच्या फीला त्यानंच हात दिला, त्याचे उपकार विसरणार नाही. पण घेणारे सांगायचे, "पाण्यावरचं केंदाळ तेवढं दाखवू नका, मॅडम." मीही दाखवत नव्हते. कागदावर निळं पाणी आणि काठावर वास, अशी वर्षं गेली. शेवटी रंकाळा मी तलावाकडं न बघता काढू शकत होते, आणि त्यानंच जीव गुदमरायला लागला.

सरांचं एक मात्र खरं आहे, आणि ते कबूल करताना मला त्रास होतो. जलरंग रोज मागतो. मध्यंतरी पन्हाळ्याला गेले, पेपर ओला केला आणि डोंगर पडायच्या आत वॉश सुकला. पूर्वी तो अंदाज मनगटात होता, आता डोक्यानं करावा लागतो आणि डोकं उशिरा पोचतं. हे नुकसान आहे. नकाशांच्या कामानं ते भरून निघालं असं मी म्हणणार नाही, तो वेगळा हिशोब आहे. पैशाचं म्हणाल तर ट्रेसिंग पेपरचं ते काम कुणी विकत घेतलं नाही. घर चालतं ते ग्रेड परीक्षांच्या क्लासवर आणि गणपतीच्या देखाव्यांवर. ते करताना मला कमीपणा वाटत नाही, फक्त "कलेसाठी कसं परवडतं?" असं विचारू नका. परवडत नाही, तरी करते.

सध्या काय चाललंय तेही विचारता, म्हणून सांगते. नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या एका वयस्क काकांकडं शिकायला जातेय. मांजरपाटाचे पाट जोडून शिवायचे, सरस गरम करून त्यात व्हाइटिंग, म्हणजे खडूची पूड, कालवायचं, जमिनीवर अंथरलेल्या कापडावर त्याचा अस्तराचा हात मारायचा. सरस जास्त झाला तर पडदा गुंडाळताना रंग तडकतो, कमी झाला तर बोटाला लागतो. पावडरचा रंग ओला असताना गडद दिसतो आणि वाळला की चांगलाच फिका पडतो, म्हणून वाळल्यावर कसा दिसेल ते धरून ओला रंग लावायचा. काकांनी अजून मला महाल, रस्ता, जंगल यातलं काहीच काढू दिलेलं नाही. आधी अस्तर नीट बसू दे म्हणतात. मी रोज पट्टे मारून वाळवते आणि त्यांना दाखवते. बांबूला बांधलेल्या लांब ब्रशनं उभं राहून रंगवताना खांदा भरून येतो, पण हात बसतोय, हे कळतं.

त्या पडद्यावर काय काढायचं ते माझं ठरलंय, आणि मामांचा दोर त्यात आहे, या वेळी माझ्या हातानं काढलेला. बारा नंबरचा सेबल त्याला चालणार नाही, फार लहान पडेल. सरांना बोलवायचं का, आणि आले तर हे ते चित्रात धरतील का, माहीत नाही. काकांना विचारलं तर म्हणाले, "आधी सरस पातळ कर. गुठळ्या राहिल्यात."