थायोफ्लेविन टी वापरून जी-फोर डीएनए शोधताना: माझा अनुभव

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मला जी-क्वाड्रुप्लेक्स मिळालं, लॅबमध्ये सगळे नुसतं जी-फोर म्हणतात. डीएनए म्हटलं की दोन पदरांचा गोफच डोळ्यासमोर येतो, पण जिथे ग्वानीन लागोपाठ येतात तिथे चार ग्वानीन हायड्रोजन बाँडने जुळून एक चौकोन करतात, असे दोन-तीन चौकोन एकावर एक बसतात आणि मधल्या पोकळीत पोटॅशियम आयन जाऊन बसतो. हा चौकोन १९६२ पासून माहीत आहे. आपल्या क्रोमोसोमच्या टोकांना, म्हणजे टेलोमिअरला, टीटीएजीजीजी हा तुकडा पुन्हा पुन्हा येतो, तिथे हे सहज होतं, आणि २०१५ मध्ये माणसाच्या जीनोममध्ये अशी घडी पडू शकेल अशा ७ लाखांहून जास्त जागा मोजल्या गेल्या.

आता हे दिसणार कसं, तर थायोफ्लेविन टी. अमायलॉइड (चुकीची घडी पडून साचलेलं) प्रोटीन रंगवायला हा डाय १९५९ पासून वापरतात. त्याच्या रेणूचे दोन भाग एका बाँडभोवती फिरत राहतात, पाण्यात मोकळा असताना घेतलेली सगळी एनर्जी त्या फिरण्यात जाते त्यामुळे प्रकाश जवळपास नसतोच, पण जी-फोरला चिकटला की फिरणं थांबतं आणि ४२५ नॅनोमीटरला एक्साइट केलं की ४९० च्या आसपास झकास हिरवट-निळा उजेड येतो. हा डाय टेलोमिअरचं जी-फोर ओळखतो हे २०१३ मध्ये दाखवलं ते ट्रॉम्बेच्या बीएआरसीतल्या ज्योतिर्मयी मोहंती आणि सहकाऱ्यांनी, आयआयटी मुंबईच्या प्रदीपकुमार यांच्या ग्रुपबरोबर. फ्लुरोसन्स सुमारे २१०० पट वाढला होता! मी मुंबईतच शिकतेय, त्यामुळे तो पेपर वाचताना खरंच अभिमान वाटला.

कामाचं सांगते. ऑलिगो (डीएनएचे छोटे तुकडे) आले की आधी काँसन्ट्रेशन, ते २६० नॅनोमीटरला मोजायचं पण ९५ डिग्रीला गरम असताना, म्हणजे घडी उलगडलेली असते आणि आकडा बरोबर येतो. मग १० मिलीमोलर ट्रिस बफर, पीएच ७.४, त्यात १०० मिलीमोलर पोटॅशियम क्लोराइड, ९५ ला ५ मिनिटं आणि नंतर हीट ब्लॉक बंद करून रात्रभर हळूहळू गार होऊ द्यायचं. डायचं काँसन्ट्रेशन वजनावरून धरू नका, विकतच्या पावडरीत डाय शंभर टक्के नसतो, ४१२ नॅनोमीटरच्या ॲब्सॉर्बन्सवरून काढा आणि स्टॉक फॉइलमध्ये गुंडाळून ठेवा.

पहिल्या प्लेटमध्ये टेलोमिअरचा सिक्वेन्स चमकला, सी-मिक या जीनच्या प्रमोटरचा (जीन चालू-बंद करणाऱ्या भागाचा) पण, दुहेरी डीएनए आणि नुसता सिंगल स्ट्रँड काळोखात. मला वाटलं मस्त, पण मॅडम म्हणाल्या, "पोटॅशियमच्या जागी लिथियम घालून बघ." लिथियममध्ये जी-फोर टिकत नाही, त्यामुळे उजेड कमी व्हायला हवा ना, तर टेलोमिअरचा उजेड उलट वाढला! त्या दिवशी मी तो पेपर पुन्हा काढून बसले आणि तेव्हा त्याच्या शीर्षकातला इंड्यूसर शब्द नीट लक्षात आला, पोटॅशियम नसताना हा डाय स्वतःच त्या धाग्याला घडी घालायला लावतो. सीडीवर (सर्क्युलर डायक्रोइझम, त्यात घडीचा प्रकार कळतो) बघितलं तर डाय नसताना लिथियममधला सिग्नल फिका, आणि डाय घातल्यावर २९५ ला पीक वर आलं, म्हणजे अँटीपॅरलल (धागे उलटसुलट दिशांना) घडी. बघायला म्हणून घातलेला रेणू समोरची वस्तूच बदलतोय, आणि प्लेट रीडरच्या आकड्यात हे अजिबात कळत नाही. माझ्या मते या डायबद्दल नवीन मुलांना सगळ्यात आधी हेच सांगायला हवं.

दुसरं म्हणजे कंट्रोल. जी-ए रिपीटवाले काही समांतर दुहेरी धागेही थायोफ्लेविनला चमकवतात, हे वाचलं होतं म्हणून एक तसा सिक्वेन्स मुद्दाम सेटमध्ये घेतला, आणि तो चमकलाच. म्हणून प्रत्येक चमकलेल्या सिक्वेन्ससाठी डाय न घालता सीडी आणि मेल्टिंग (गरम करत घडी कधी उलगडते ते बघणं) करायचं ठरलं. मेल्टिंग २९५ नॅनोमीटरला करतात, साधा डीएनए वितळला की २६० ला ॲब्सॉर्बन्स वाढतो पण जी-फोर उलगडलं की २९५ ला खाली येतो, तो उलटा कर्व्ह पहिल्यांदा स्क्रीनवर बघितला तेव्हा जे वाटलं ते सांगता येणार नाही. फक्त सी-मिक १०० मिलीमोलर पोटॅशियममध्ये इतकं घट्ट असतं की ९० डिग्रीपर्यंत पूर्ण वितळत नाही, त्याला पोटॅशियम १ मिलीमोलरवर आणावं लागतं.

शेजारच्या लॅबमधल्या ताईने एनएमएम दिलं, हा पोर्फिरीन गटातला दुसरा डाय आहे, ३९९ ला एक्साइट करायचा आणि ६१० जवळ लाल उजेड बघायचा. तो पॅरलल (सगळे धागे एकाच दिशेला) घडीलाच नीट चिकटतो, त्यामुळे सी-मिक लखलखीत आणि पोटॅशियममधलं टेलोमिअर अगदी मंद. थायोफ्लेविन सांगतो की जी-फोर असू शकतं, एनएमएम सांगतो ते पॅरलल आहे का, दोन्ही शेजारी ठेवले की बरंच काही कळतं.

आमचा स्वतःचा जो सिक्वेन्स आहे, एका प्रमोटरमधला, तो थायोफ्लेविनमध्ये छान चमकतो, एनएमएममध्ये फिका, सीडीत २९० ला पीक आणि २६८ जवळ खांदा, म्हणजे हायब्रिड (तीन धागे एका दिशेला, एक उलट) घडी दिसतेय, आणि २९५ चा मेल्टिंग कर्व्हही उलटा आलाय. लूप नेमके कसे वळलेत ते यातून कळणार नाही, त्याला एनएमआर (चुंबकाच्या मदतीने रेणूची रचना सांगणारं तंत्र) लागेल. सँपल पोटॅशियम फॉस्फेटमध्ये करून ठेवलंय, मशीनची वेळ मागितली आहे, आधी १० ते १२ पीपीएममध्ये ग्वानीनच्या इमिनो प्रोटॉनची (चौकोनातल्या हायड्रोजन बाँडची खूण) पीक्स येतात का ते बघायचं आणि मग पुढचं.