थंडीत खुराड्याचा पडदा खालून वर चढवा

दिवाळी सरली आणि रात्री गार पडू लागल्या की संभाजीनगर, नांदेड, लातूरच्या परसातली नि गच्चीवरची खुराडी प्लास्टिकच्या कागदात गुंडाळली जातात. मायेपोटीच करतात सगळे, पण त्यानंतर पंधरा-वीस दिवसांत एखादी कोंबडी शिंकू लागते, रात्री बसायच्या दांडीवरून घरघर ऐकू येते आणि बोल थंडीला लागतो. कोंबडीच्या अंगाची उष्णता ४१ अंशांच्या आसपास असते. परभणीत पारा ७-८ अंशांवर उतरला तरी पोट भरलेली, कोरडी कोंबडी पिसं फुलवून निवांत रात्र काढते. तिला बाधते ती ओल, कोंडलेली हवा आणि थेट अंगावर येणारा वाऱ्याचा झोत.

आपल्याकडे दुपारी ३० अंश आणि पहाटे १०, असा फरक असतो. दिवसा तापलेला पत्रा रात्री गारठतो. कोंबड्यांच्या श्वासातली वाफ त्याला खालून चिकटते, पहाटे थेंब होऊन गादीवर, म्हणजे खाली अंथरलेल्या भुशाच्या थरावर पडते. ओल्या गादीत विष्ठा कुजते, अमोनिया सुटतो, त्याने डोळे आणि श्वासनलिका आतून सोलवटते. रोगजंतूंना मग वाट मोकळीच. हे सगळं बंद कागदाच्या आत घडतं, म्हणून बाहेरून काही कळत नाही.

म्हणून पडदा गोणपाटाचा घ्या आणि तो जाळीच्या खालच्या कडेला पक्का बांधा. थंडीत तो खालून वर ओढायचा, वरून खाली सोडायचा नाही. वर पत्र्यालगत दोन्ही अंगांना निदान एक फूट जाळी उघडी राहिली पाहिजे, अगदी कडाक्याच्या रात्रीसुद्धा. गरम दमट हवा तिथून निघून जाते आणि दांडीवरच्या कोंबडीला झोत लागत नाही. दांडी दीड फूट उंच असली तर कोंबडीचं डोकं साधारण तीन फुटांवर येतं. पडदा चार फुटांपर्यंत चढवला की झालं. उत्तरेची बाजू मात्र भिंतीची किंवा पूर्ण झाकलेली असू द्या.

सहा कोंबड्यांना ६ बाय ४ फुटांचं खुराडं प्रशस्त होतं, शिवाय दिवसा मोकळं फिरायला प्रत्येकी आठ-दहा चौरस फूट जागा. दांडी गोल बांबूपेक्षा दोन इंच रुंद चपट्या लाकडाची बरी, कारण बसल्यावर पिसांखाली पंजे पूर्ण झाकले जातात. पत्र्याखाली तीन-चार इंच कडबा किंवा उसाचं पाचट तारेने आवळून लावा. थेंब गळणं थांबतं आणि हाच थर एप्रिल-मेमध्ये ऊनही अडवतो. मराठवाड्यात खरी कसोटी उन्हाळ्याचीच, तेव्हा हा खर्च वाया जात नाही.

गादी चार ते सहा इंच ठेवा. लाकडाचा भुसा, भुईमुगाची टरफलं, सोयाबीनचं वाळलेलं भुसकट, जे कोरडं मिळेल ते. रोज सकाळी दाताळ्याने खालीवर करा. आठवड्यातून एकदा मूठभर गादी हातात घेऊन घट्ट दाबा आणि मूठ उघडा. गोळा तसाच राहिला तर गादी ओली आहे. किंचित चिकटून लगेच भुरभुरली तर उत्तम. नुसती धूळ उडाली तर फार कोरडी, तीही श्वासाला वाईटच. मग खाली उकिडवे बसा, नाक कोंबडीच्या उंचीवर न्या. उभ्याने वास येत नाही म्हणून काही नाही असं समजू नका. तिथे डोळे चुरचुरले तर ओला भाग त्याच दिवशी काढून टाका. वास सुटलेल्या गादीवर चुना टाकायची सवय बऱ्याच जणांना आहे. ती मोडा. चुन्याने गादीचा अल्कधर्मीपणा वाढतो आणि अमोनिया आणखी उडतो. आधी ओल काढा, नवं तूस पसरा, पाण्याचं भांडं कोंबडीच्या पाठीच्या उंचीला विटांवर ठेवा. बरीच ओल सांडलेल्या पाण्याचीच असते. शेगडी तर खुराड्यात कधीच नको. धुराने कोंबड्या गुदमरतात आणि भुसा पेट घेतो.

डिसेंबरात अंडी कमी होतात त्याचं मोठं कारण अंधार. आपल्याकडे तेव्हा दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो आणि तलंग, म्हणजे नुकती अंड्यावर येणारी तरुण कोंबडी, अंड्यावर टिकायला चौदा तासांच्या आसपास उजेड लागतो. पिवळसर उजेडाचा ९ वॅटचा एलईडी बल्ब टायमरवर पहाटे चारला लावा. संध्याकाळी नको, कारण बल्ब एकदम विझला की कोंबड्या दांडीवर चढायच्या आत अंधारात अडकतात. चारची वेळ एकदम गाठू नका, वाढ आठवड्याला अर्ध्या तासाने करा. मध्येच बंद केला तर पिसं गळायला लागतात. वीस आठवड्यांच्या आतल्या तलंगांना वाढीव उजेड देऊ नका. अंग भरायच्या आधीच अंड्यावर येतात आणि अंग बाहेर पडण्याचा धोका असतो.

खाद्य मोठ्या कोंबडीला दिवसाला ११० ते १२० ग्रॅम, थंडीत त्यावर दहा-पंधरा ग्रॅम. हे वाढीव म्हणजे ज्वारी किंवा भरडलेला मका, दिवस मावळायच्या आधी. रात्रभर ते पचत राहतं, अंगात ऊब राहते. बाकी लेअर मॅश, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य, आणि वेगळ्या वाटीत शिंपल्याचा चुरा. खळ्यावरचं कच्चं सोयाबीन मात्र घालू नका. त्यातला एक घटक प्रथिनांचं पचन अडवतो, कोंबडी खाऊनही वाळते. चांगलं भाजलेलं सोयाबीन किंवा पेंड चालते. बुरशी आलेला मका, कुबट वासाची शेंगदाणा पेंड फेकूनच द्या, त्यातलं विष धुऊन, वाळवून जात नाही.

पिलं थंडीत न आणलेली बरी. आणलीच तर पहिल्या आठवड्यात बल्बखाली ३५ अंश आणि पुढे दर आठवड्याला तीन अंश कमी. तापमापक नसला तर पिलांकडे बघा: बल्बखाली ढीग करून चिवचिवत असतील तर गारठली आहेत, कडेला जाऊन चोच उघडी टाकली असेल तर तापली आहेत. सगळीकडे पसरून खात असतील तर बल्बला हात लावू नका.

लसीचं वेळापत्रक पशुवैद्यकीय दवाखान्यातून लिहूनच घ्या. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लासोटा लस पाच ते सात दिवसांच्या पिलाच्या डोळ्यात एक थेंब, चौथ्या आठवड्यात पुन्हा, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास त्याच रोगाची आरटूबी लस. अडचण अशी की बाटलीत किमान शंभरेक डोस असतात आणि एकदा कालवली की बर्फात ठेवूनही दोन तासांत संपवावी लागते. शेजारपाजारच्या चार-पाच घरांनी एकच सकाळ ठरवली तर लस वाया जात नाही.

शहरात कोंबडा टाळा, अंड्यासाठी त्याची गरज नसते आणि पहाटेच्या आरवण्यावरून वाद होतात. परवानगीचं महापालिकेत आणि सोसायटीत आधी विचारा. षटकोनी जाळी मुंगसाला, मांजराला थोपवत नाही. अर्ध्या इंची वेल्ड जाळी लावा आणि परसात असेल तर ती फूटभर जमिनीत गाडा.

जानेवारी २०२१ मध्ये परभणी तालुक्यातल्या मुरुंब्याला बर्ड फ्लू निघाला होता. कावळे, चिमण्या खाद्यापाण्यापर्यंत पोहोचणार नाहीत अशी जाळी वरूनही हवी आणि खुराड्यात जायची चप्पल वेगळी हवी. दोन-तीन कोंबड्या एकाएकी मेल्या, तुरा निळा पडला, तोंड सुजलं, तर मेलेली कोंबडी उघड्या हाताने उचलू नका, नाल्यात फेकू नका, उरलेल्या विकायला किंवा पाहुण्यांकडे पाठवायला काढू नका. दवाखान्यात लगेच कळवा आणि तिथले लोक येईपर्यंत खुराड्याचं दार लावून ठेवा.