जरा वेगळं नाव

सध्या मुलग्याचं नाव ‘वेगळं’ लागतं. छान, अर्थपूर्ण, सोपं हे सगळं नंतर; आधी वेगळं. वेगळं म्हणजे किती, त्याचंही माप ठरलेलं आहे. वर्गात दुसऱ्या कुणाचं नको, पण ऐकणाऱ्याने ‘काय म्हणालात?’ असं विचारायलाही नको. या दोन अटींमधल्या चिंचोळ्या जागेत सगळे आईबाप एकदमच घुसतात. मग एकेका बालवाडीत तीन विहान, दोन रेयांश, आणि आणखी एक रेयांश, ज्याच्या स्पेलिंगमध्ये वायच्या जागी आय आहे.

रेयांशचं मला कोडंच आहे. ‘अंश’ कळतो. शिवांश म्हणजे शिवाचा, रुद्रांश म्हणजे रुद्राचा. ‘रेय’ कोण, हे शब्दकोशात शोधलं तर सापडलं नाही. नावांच्या संकेतस्थळांवर मात्र कुठल्याही नावाचा अर्थ लगेच मिळतो: सूर्याचा किरण, नाहीतर विष्णूचं एक नाव. हे दुसरं उत्तर फार सोयीचं. सहस्रनामात हजार नावं, पडताळायला कोण बसतंय? त्यातली अमोघ, अनघ, अच्युत केव्हाच उचलली गेली आहेत. पण त्याच स्तोत्रात विष्वक्सेन आहे, शिपिविष्टही आहे. तिकडे कुणी फिरकत नाही. वेगळेपणाची हौस असते, पण शिपिविष्टपर्यंत जायची छाती नसते.

आणि समजा, ठेवलंच शिपिविष्ट. पहिलीतल्या पोरांना आठवड्याच्या आत ‘शिप्या’ सापडेल. मराठी पोरांपुढे कुठल्याही नावाची डाळ शिजत नाही. संदीपचा संद्या, नितीनचा नित्या, प्रशांतचा पश्या. यमाच्या दारी तीन रात्री उपाशी राहून मृत्यूचं रहस्य विचारणारा नचिकेत मैदानात ‘ए नच्या, बॉल टाक’ एवढाच उरतो. मला हे आवडतं. आईबापांनी कडक इस्त्री करून दिलेलं नाव पोरं चुरगाळतात आणि रोज घालण्याजोगं करतात. म्हणून अर्थ बघण्याआधी नावाला ‘या’ लावून बघावा. लागत नसेल तर पोरं अडून राहत नाहीत; ती आडनावावर जातात, नाहीतर दातांवर.

दुसरी परीक्षा हाक मारण्याची. खाली खेळणाऱ्या पोराला वरून बोलवायचं तर नावात कुठेतरी स्वर लांबवायला जागा हवी. ‘सौहार्द’ ही हाक नाही, ते अध्यक्षीय भाषण आहे.

काही देशांत या परीक्षा सरकारच घेतं. फ्रान्समध्ये १८०३च्या कायद्याने कॅलेंडरातली आणि प्राचीन इतिहासातली नावं तेवढी ठेवायची मुभा होती. निवड खऱ्या अर्थाने आईबापांकडे यायला १९९३ उजाडलं. आइसलंडमध्ये १९९१पासून नावांची समितीच आहे. नवं नाव आलं की ते आपल्या व्याकरणात बसतं का, त्याला षष्ठीचा प्रत्यय लागतो का, हे ती बघते. ही कसोटी मला तरी पटते. आपल्याकडे ‘गोविंदाला सांग’, ‘केशवाने आणलं’ म्हणणारी पिढी गेली. आता विहानला, विहानने. नाव जागचं हलतसुद्धा नाही, प्रत्यय बिचारा बाहेरून येऊन चिकटतो. अशी समिती आपल्याकडे असती तर निम्मी बालवाडी नापास झाली असती.

स्वीडनमध्ये तर मुलाचं नाव पाच वर्षं नोंदवलं नाही म्हणून एका जोडप्याला पाच हजार क्रोनर दंड झाला. त्याचा निषेध म्हणून १९९६ साली त्यांनी अक्षरं आणि आकडे मिळून त्रेचाळीस चिन्हांचं नाव नोंदणीला दिलं. उच्चार म्हणे ‘अल्बिन’. ते नामंजूर झालं, बरं झालं. भांडण सरकारशी आणि ओझं पोराच्या डोक्यावर!

आपला १९६९चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा त्या मानाने दिलदार. जन्माची नोंद नावाशिवाय होते, बारा महिन्यांत नाव फुकट घालता येतं, पुढे विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. म्हणजे मिसरूड फुटेपर्यंत थांबून त्यालाच विचारायची सोय आहे. पण तेवढा धीर कुणाला?

खरी वेगळी नावं ठेवली ती जुन्या लोकांनी. आधीची मुलं जगली नाहीत की पुढचा धोंडू, दगडू, नाहीतर केरू. दृष्ट लागू नये, मरणाला हाव सुटू नये म्हणून मुद्दाम टाकाऊ नाव. त्याचा अर्थ कुठे शोधावा लागत नसे, त्यामागची घाबरलेली आई सगळ्यांना दिसत असे. आणि धोंडो नाव माणसाच्या आड येतं असंही नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे १८५८ साली जन्मले, भारतरत्न झाले आणि १०४ वर्षं जगले. आताच्या सूर्यकिरणांना एवढं आयुष्य लाभो.

मुलग्याच्या नावाची आणखी एक गोम आहे, ती पाळण्यापाशी कुणाच्या लक्षात येत नाही. पंचवीस-तीस वर्षांनी हेच नाव दुसऱ्याच कुणाच्या नावात मधोमध जाऊन बसणार असतं. मुलाच्या नावाबरोबर आपण न पाहिलेल्या नातवंडांचंही थोडंसं नाव ठेवून टाकतो. शिवाय त्या नातवंडांचे आईबापही तेव्हा काहीतरी वेगळंच शोधणार. अशी दोन वेगळी नावं शेजारी शेजारी आली की फॉर्म तपासणारा कारकून मान वर करून विचारणार, ‘यातलं आडनाव कुठलं?’

शाळेत मला संस्कृतला बरे मार्क पडायचे. त्या भांडवलावर नातेवाइकांत मुलगा झाला की सल्ल्यासाठी अजून मला फोन येतात. मागच्या महिन्यात मावसबहिणीचा आला. ‘ताई, वेगळं काहीतरी सांग गं. अख्ख्या वर्गात कुणाचंच नको.’

मी म्हटलं, ‘यशवंत ठेव.’

ती जरा थांबली. ‘ताई, ते आजोबांचं वाटतं गं.’

मग मी दत्तात्रय सुचवलं, पांडुरंग सुचवलं, गजाननही सुचवून पाहिलं. तिने फोन नवऱ्याकडे दिला. तो फार सभ्य माणूस. म्हणाला, ‘ताई, तुम्ही सांगितलेली नावं छानच आहेत. पण अशी नावं आता कुणाचीच नसतात हो!’