ही न्हाई आपली माती

मावशी माझं वासाच्या बरण्यांचं प्रदर्शन पाहून गेली, त्याला आज तिसरा दिवस. तिचं ते वाक्य डोक्यातून जात नाही.

तिनं बरणी दोन्ही हातांनी धरली, बूच काढलं आणि वाकून वास घेतला. नाकातली चमकी काचेच्या काठाला लागली, टिक् झालं. मग डोळे मिटून पुन्हा एकदा हुंगलं, बूच नीट बसवलं आणि म्हणाली, "ही न्हाई आपली माती. कुठून आणलीस?"

कुठून आणली? तुझ्याच बांधावरून गं. मृगाचा पहिला पाऊस झाला त्या संध्याकाळी, चिंचेखालून, वीतभर खोल खुरपून. तू आत चहा ठेवत होतीस तेव्हा.

मागे माणसं खोळंबली होती. मी काहीच बोलले नाही. चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात गावाचं नाव होतं. मावशीला वाचता येत नाही, म्हणून त्या क्षणी वाचले, आणि असं वाटल्याचीच नंतर जास्त लाज वाटली.

रात्री रडू आलं. दोन महिने राबलो आम्ही. सुमीनं काच फुंकून फुंकून ओठ सोलून घेतले, बरण्या तडकल्या तरी पुन्हा भट्टीसमोर बसली. लातूरच्या गंजगोलाई बाजारातल्या अत्तरवाल्या चाचांनी कनौजचं मिट्टीचं अत्तर दिलं, पैशाचं नाव काढू दिलं नाही. आणि ज्या एका माणसासाठी मी हे सगळं मांडलं, तिलाच ओळखू येऊ नये? दादा तर आलाच नाही. असो, ते वेगळं.

चूक कुणाची, हेच घोळत राहिलं. मावशीचं नाक चुकेल? ती धान्याच्या कणगीत तोंड घालून सांगते, तळाला ओल लागलीय.

पहिल्या पावसाचा जो वास आपण मातीचा म्हणतो, तो बराचसा मातीतल्या जिवांचा असतो. स्ट्रेप्टोमायसिस नावाचे जिवाणू जिओस्मिन नावाचं वासाचं द्रव्य बनवतात. पाण्याच्या एक लाख कोटी भागांत त्याचे पाच-दहा भाग असले तरी माणसाच्या नाकाला कळतं. पण ते आपल्यासाठी नसतंच. मातीत उड्या मारणारे बारके पांढुरके कीटक असतात, स्प्रिंगटेल. ते त्या वासामागे येतात, जिवाणू खातात आणि त्यांचे बीजाणू अंगावरून, विष्ठेतून पुढे नेतात. 2020 मध्ये शास्त्रज्ञांनी हे दाखवून दिलं. म्हणजे ती त्यांची आपसातली हाक आहे. आपण वाटेत उभे आहोत म्हणून आपल्यालाही ऐकू येते, एवढंच.

आणि मी काय केलं? ओली माती भरली, सुमीचं घासून बसवलेलं बूच घट्ट लावलं आणि तीन आठवडे फळीवर ठेवली. रोज सकाळी काचेला आतून थेंब धरायचे, मला तेच सुंदर वाटायचं. आतली हवा संपत होती. हवेवर जगणारे मंदावले असणार, हवेवाचून जगणाऱ्यांनी जोर धरला असणार. काल रात्री बूच काढून मी स्वतः वास घेतला. तळाला आंबूस, कोंदट काहीतरी. मावशीला एका श्वासात कळलं ते मला दोन दिवसांनी.

चाचांचं अत्तर असं बदलत नाही. तिथं मातीच्या भाजलेल्या चकत्या तांब्याच्या देगीत पाण्यासोबत तापवतात आणि वाफ भपक्यातल्या, म्हणजे ती थंड होऊन साठते त्या भांड्यातल्या, चंदनतेलात उतरवतात. त्या वासात कुणी जिवंत नाही, म्हणून तो टिकतो. माझ्या बरणीत सगळे जिवंत होते आणि मी त्यांना अत्तरासारखं टिकवायला निघाले होते.

हे सगळं सुरू झालं ते एका परदेशी कामामुळे. 'रिसरेक्टिंग द सब्लाइम', 2019 चं. अलेक्झांड्रा डेझी गिन्सबर्ग, सिसेल टोलास या कलाकार आणि जिंकगो बायोवर्क्स या जैवतंत्रज्ञान कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मिळून नामशेष फुलांचे वास पुन्हा घडवले. त्यातलं एक झाड हवाईतल्या माउई बेटावरचं, जास्वंदीच्या कुळातलं. गुरांच्या चराईनं त्याचं रान गेलं, शेवटचं झाड 1912 मध्ये मरताना दिसलं. जपून ठेवलेल्या वाळक्या नमुन्यातल्या डीएनएवरून त्यांनी वासाचा अंदाज बांधला. प्रदर्शनात पाहणारा माणूसच काचेच्या पेटीत शिरतो, दगडांजवळ उभा राहतो आणि वास घेतो. मी त्याबद्दल वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

आज भांडी घासताना एकदम वाटलं, त्या फुलाला मावशी उरलेली नाही. तो वास बरोबर की चूक, हे सांगणारं नाक जगात कुठेच नाही. त्या कलाकारांनाही ते ठाऊक आहे, म्हणून ते त्याला हुबेहूब म्हणत नाहीत. माझ्या मातीला मावशी आहे. ती "न्हाई" म्हणू शकते.

तेव्हापासून छातीवरचं जरा हललं. सुमीला सांगितलं, पुढच्या बरण्यांना बूच नको, मलमलीचा तुकडा बांधू. ती म्हणाली, मग वास उडून जाईल. जाऊ दे म्हटलं.

संध्याकाळी मावशीला फोन केला. खरं सांगून टाकलं, तुझ्याच बांधावरची होती गं, चिंचेखालची. ती थोडा वेळ गप्प. मागे शेळी ओरडत होती.

"लई दिस कोंडली व्हतीस का तिला?"

हो म्हटलं.

"मंग आन हिकडं. पसर चिंचंखाली. पाऊस पडला की बग."

रविवारच्या एसटीनं जाते. बरणी मांडीवर घेऊन, बूच न लावता.