फरशीवरचा पांढरा डाग

आमच्या निवारा केंद्रात सकाळच्या साफसफाईचा क्रम ठरलेला आहे आणि तो कुणी मोडत नाही. आधी पिल्लांची खोली, मग धडधाकट मोठी कुत्री, मग आजारी, आणि सगळ्यात शेवटी निरीक्षणाचे पिंजरे. आपले गमबूट आणि खराटा जिथे जातात तिथे रोगही जातो. १९७८ साली जगभर पसरलेला पार्व्हो, म्हणजे कुत्र्यांना जुलाब-उलट्यांनी मारणारा विषाणू, तर जमिनीत महिनोन्‌महिने तग धरतो. साबण-फिनाईलला तो दाद देत नाही. आधी घाण पूर्ण काढायची, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी टाकून फरशी दहा मिनिटं ओली ठेवायची, तेव्हा कुठे तो मरतो. नव्या सहकाऱ्यांना हा क्रम मी पहिल्याच दिवशी घोटून घेते. त्या दिवशी याच क्रमाने मी निरीक्षणाच्या पिंजऱ्यापाशी पोचले तेव्हा पावणेदहा वाजले होते. कामावर मी सातला आले होते. मधले पावणेतीन तास मला अजून टोचतात.

आदल्या संध्याकाळी पाचच्या सुमाराला आमच्या गाडीतून एक कुत्री आली होती. माणसाला चावल्याची तक्रार होती. तिला दाखल करून घेणारी मीच. गाडीतल्या पिंजऱ्याचं तोंड आमच्या पिंजऱ्याला लावलं, झडप उचलली, तशी ती धावत आत गेली आणि मागच्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसली. कान मागे, डोळ्यांच्या कडा पांढऱ्याफटक, ओठ वर उचललेले. मी दाखल अर्जावर लिहिलं: मादी, अंदाजे तीन वर्षं, तपकिरी, पट्टा नाही, स्वभाव आक्रमक. ‘गाभण किंवा व्यालेली’ हा रकाना कोरा सोडला. ती पोट जमिनीला चिकटवून बसली होती, मला ते दिसलंच नव्हतं. पण कोरा रकाना वाचणाऱ्याला ‘नाही’ असाच वाचला जातो, आणि हे इतकी वर्षं काम केलेल्या मला कळायला हवं होतं.

रात्रपाळीच्या काकांची नोंद अशी होती: ‘खाल्लं नाही. पाणी थोडं. रात्रभर दार खरवडते, थांबत नाही.’ मी ती सातला वाचली आणि पान उलटलं. पहिल्या रात्री बहुतेक कुत्री दार खरवडतात. जागा नवी, वास नवे, चहूकडून भुंकणं. त्या नोंदीत मला भीती दिसली. ‘थांबत नाही’ हे दोन शब्द काकांनी उगाच लिहिलेले नव्हते.

निरीक्षणाच्या पिंजऱ्याला दोन कप्पे असतात. मधली झडप बाहेरूनच दोरीने वर ओढता येते, म्हणजे प्राण्याला हात न लावता तो एका कप्प्यातून दुसऱ्यात जातो आणि रिकामा कप्पा धुता येतो. मी झडप ओढली. ती पलीकडे गेली. मी आत शिरून बादली खाली ठेवली आणि पाणी ओतणार, इतक्यात दारापाशी फरशीवर ओले डाग दिसले. गडद सिमेंटवर पातळ, पांढुरके, तीन-चार. रात्रीचं ब्लीचचं पाणी वाळलं असेल असं वाटलं. पण ब्लीचचा डाग असा काठाशी दाटत नाही. हातमोजा घातलेल्या बोटाने पुसून पाहिलं. चिकट लागलं. बोट नाकाजवळ नेलं.

ते दूध होतं.

मी तिथूनच जाळीतून पलीकडे पाहिलं. ती उभी होती, पहिल्यांदाच. पोटाखाली आचळांच्या दोन ओळी होत्या, मागच्या जोड्या दगडासारख्या ताठ. त्यांच्याभोवतीचे केस घासून गेलेले आणि उघड्या कातडीवर बारीक बारीक ओरखडे. पिल्लं दूध पिताना पुढच्या पायांनी आचळं दाबत राहतात, हे त्यांच्या नखांचे ओरखडे. मी बघत असतानाच शेवटच्या आचळातून एक थेंब सुटला आणि खाली पडला. कुठे पिल्लांचा आवाज नाही, वास नाही, तरी तिला पान्हा फुटत होता.

मी बादली तिथेच टाकून डॉक्टरांच्या खोलीत गेले.

“मॅडम, निरीक्षणातली कुत्री ओली बाळंतीण आहे.”

त्या खुर्चीतून उठल्याच. “पिल्लं?”

“तिथेच राहिलीत. काल पाचपासून.”

जवळजवळ सतरा तास झाले होते. नवजात पिल्लू दोन-तीन तासांनी दूध पितं. पहिल्या आठवड्यात त्याला थंडीने कुडकुडताही येत नाही, अंगातली ऊब आईकडूनच येते. इतकंच काय, आईने चाटल्याशिवाय त्याला लघवीसुद्धा होत नाही.

माझ्या मनात पहिला विचार आला तो तिलाच गाडीत घालून न्यावं, ती सरळ पिल्लांपाशी नेऊन उभी करील. डॉक्टरांनी नाही म्हटलं. चावलेल्या कुत्र्याला दहा दिवस निरीक्षणातून बाहेर काढायचं नाही. रेबीजचा विषाणू शरीरात आठवडे किंवा महिने असू शकतो, पण लाळेत उतरतो तो लक्षणं दिसण्याच्या जेमतेम काही दिवस आधी. म्हणून चावलेलं कुत्रं दहा दिवसांनी धडधाकट असेल, तर चावण्याच्या वेळी त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असं खात्रीने म्हणता येतं. वाटेत ती निसटली तर चावलेल्या माणसाला हे उत्तर मिळणार नाही. त्यांचं बरोबर होतं. तरी त्या क्षणी मला त्यांचा राग आला होता.

मी आणि गाडीवाला दादा तक्रारीवरच्या पत्त्यावर गेलो. ज्याला ती चावली होती तोच माणूस भेटला, मनगटाला पट्टी. मी आधी त्याच्या जखमेचं विचारलं. साबण आणि वाहत्या पाण्याने धुतली का, किती वेळ? पंधरा मिनिटं धुतली होती, पहिली सुई त्याच दिवशी घेतली होती. बरं वाटलं. मग विचारलं, “ती चावली तेव्हा तुम्ही काय करत होता?”

“फळ्या उचलत होतो. त्या तिकडच्या ढिगातल्या. कुठून आली कळलंच नाही.”

काल हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. तक्रार घेणाऱ्याने नाही, गाडीवरच्यांनी नाही, अर्ज भरणाऱ्या मीही नाही. मी म्हणाले, “दादा, त्या फळ्यांखाली तिची पिल्लं असणार.”

त्याचा चेहरा उतरला. काही न बोलता तो आमच्यापुढे चालू लागला आणि एका हाताने फळ्या काढू लागला.

ढिगाजवळ कान लावला तर काहीच ऐकू आलं नाही. गाडीवाला दादा म्हणाला, इथे नसतील. पण भुकेलं पिल्लू आधी केकाटतं, आणि अंग गार पडलं की गप्प होतं. म्हणून आम्ही ढीग तळापर्यंत उपसला. सातव्या की आठव्या फळीखाली पोतेऱ्यांच्या चिंध्यांत ती होती. सहा. एकमेकांच्या अंगावर चढून गोळा झालेली, डोळे मिटलेले, कान बंद. नाळेचा वाळका तुकडा गळून गेला होता, म्हणजे चार-पाच दिवसांची असावीत. कडेला पडलेलं एक केव्हाच गेलं होतं.

बाकी पाचांपैकी एकाच्या तोंडात मी करंगळीचं टोक घातलं. जीभ गार. चोखणं नाही. निरोगी पिल्लू बोट असं ओढतं की सोडवावं लागतं.

अशा वेळी हात सगळ्यात आधी दुधाच्या बाटलीकडे जातो, आणि तिथेच पिल्लं दगावतात. गार पडलेल्या पिल्लाचं आतडं हलत नाही. दूध पोटात नासतं किंवा चोखायची ताकद नसल्याने फुप्फुसात जातं. आधी ऊब, मग दूध. ऊबही सावकाश द्यायची, एकदम तापवलं तर ते वेगळ्या तऱ्हेने मरतं. दोन पिल्लं मी सदऱ्याच्या आत अंगाला लावली, तीन गाडीवाल्या दादाने. उरलेल्याला कापडात गुंडाळून टोपलीत ठेवलं. पट्टी बांधलेला माणूस गाडीच्या दारापर्यंत आला. “मला माहीत नव्हतं हो,” एवढंच म्हणाला.

केंद्रात पोचल्यावर डॉक्टरांनी तापमान घेतलं. पहिल्या आठवड्यात पिल्लाचं तापमान साधारण ९५ ते ९८ अंश फॅरनहाइट असतं. आमच्याकडे सगळ्यात जास्त ९३ होतं, सगळ्यात कमी ९१. गरम पाण्याच्या पिशव्या टॉवेलमध्ये गुंडाळून भोवती रचल्या. डॉक्टरांनी हिरड्यांना ग्लुकोजचं पाणी लावलं. मी कोमट पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा घेऊन एकेकाच्या शेपटीखाली हलके हलके फिरवत बसले, आई जिभेने करते तसं. तिसऱ्या पिल्लाला बराच वेळ काही होईना. मग बोळा एकदम पिवळाजर्द झाला. मी ओरडलेच, “झाली! हिला झाली!” शेजारच्या खोलीतले काका धावत आले.

दीडच्या सुमाराला चौघांचं तापमान ९६ च्या वर गेलं. पाचवं, सगळ्यात लहान, ९४ च्या पुढे सरकेना.

आता पिल्लं कुठे राहणार हा प्रश्न होता. आई निरीक्षणात, आणि तिला रेबीज नाही असं अजून म्हणता येत नव्हतं. डॉक्टरांनी वरिष्ठांशी फोनवर बोलून निर्णय घेतला. पिल्लं काल पाचपर्यंत तिच्याच अंगावर होती, तिनेच त्यांना चाटलं होतं. जो धोका असेल तो होऊन गेला होता, आणि बाटलीवरच्या पिल्लांचं जगणं तसंही कठीण. म्हणून सगळ्यांना एकत्र, एकाच निरीक्षणात ठेवायचं. हात लावायचा तो मी आणि काका, दोघांनीच. आम्ही दोघांनी रेबीजची आगाऊ लस घेतलेली आहे. तरी मोजे घालूनच.

मला भीती दुसरीच होती. घाबरलेली मादी कधी कधी स्वतःच्या पिल्लांना जवळ घेत नाही, चावतेसुद्धा. सकाळपासून न धुतलेला तो कप्पा मी आता नुसत्या पाण्याने धुतला. ब्लीच वापरलं नाही, वास राहिला असता. बाहेरून आणलेल्या चिंध्याच खोक्यात पसरल्या, त्यावर पिल्लं ठेवली आणि बाहेर येऊन झडपेची दोरी ओढली.

ती लगेच आली नाही. झडपेखालून आधी नाक आलं. मग ती पोटावर सरपटत पुढे आली आणि खोक्याच्या काठाशी थांबली. एकेकाला हुंगलं. मला वाटलं होतं ती आधी दूध पाजेल. तिने पहिल्या पिल्लाला नाकाने उलटं केलं आणि त्याची शेपटीखालची जागा चाटायला लागली, जे मी तासभर बोळ्याने करत होते तेच. सगळी पाचही झाल्यावर ती खोक्यात शिरली, कुशीवर झाली आणि वीस तासांहून जास्त ताणलेलं तिचं अंग सैल पडलं. चोखण्याचा चुटचुट आवाज यायला लागला. चार तोंडांचा. पाचव्याला मी आत हात घालून आचळाशी लावलं तेव्हा ती गुरगुरली, पण दात लावले नाहीत.

ते पाचवं पहाटे तीनला गेलं. काकांनी वेळ नोंदवून ठेवली होती.

पुढचे दिवस मी रोज सकाळी त्याच वेळी चौघांना छोट्या वजनकाट्यावर ठेवत होते. रोज वाढलंच पाहिजे, एक दिवसही अडकलं तरी डॉक्टरांना सांगायचं. अडकलं नाही. आणि अर्जावर आम्ही एक बदल केला. पोट दिसलं नसेल तर आता रकाना कोरा सोडत नाही, ‘दिसलं नाही’ असं लिहितो आणि अर्ध्या तासाने बॅटरी घेऊन पुन्हा बघायला जातो. चावल्याची तक्रार असेल तर तेव्हा माणूस काय करत होता, याला वेगळी ओळ आहे.

दहाव्या दिवशी डॉक्टरांनी निरीक्षण संपल्याची सही केली आणि मी त्या माणसाला फोन लावला. कुत्री ठणठणीत आहे, पुढच्या सुयांचं तुमच्या डॉक्टरांना विचारा, असं सांगितलं. तो क्षणभर गप्प होता.

“आणि पिल्लं?”

“चार आहेत,” मी म्हणाले. “चौघांचेही डोळे उघडलेत.”